सिस्टम म्हणते अंक गेला, पण कधी गेला?

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमचा आजार हाच आहे का ते कळेल.

एका दिवाळी अंकाच्या वर्गणीदारांची नोंद ठेवणारं छोटं वेब अ‍ॅप्लिकेशन मी काही वर्षं सांभाळतोय. दिवाळी होऊन आठवडा उलटला की ऑफिसात फोनवर बसणाऱ्या ताईंचा मला फोन येणार हे ठरलेलं. "दादा, कोल्हापूरच्या बाई म्हणतात अंक आला नाही. तुमच्या स्क्रीनवर तर हिरवी टिक आहे. मी त्यांना काय सांगू?" मी डेटाबेस उघडायचो. इज_डिस्पॅच्ड ('पाठवला का?') नावाचा कॉलम, त्यात ट्रू, म्हणजे 'हो'. संपलं. अंक कालच पोस्टात पडला असेल तर बाईंना "चार दिवस वाट बघा" म्हणायचं. महिना झाला असेल तर गुपचूप दुसरा अंक काढून द्यायचा. दोन्ही उत्तरं एकदम उलटी, आणि ट्रू मात्र दोन्हीकडे सारखंच.

दुसरं लक्षण: काही लोकांना दोन-दोन अंक जायचे. तिसरं मी स्वतः ओढवून घेतलेलं. तेव्हा वर्गणीदारांचं एकच टेबल होतं आणि हा फ्लॅग (ट्रू-फॉल्सची ही खूण) त्यातच होता. म्हणजे दरवर्षी नवा अंक निघण्याआधी कोणीतरी सगळ्यांचं फॉल्स करायचं. एका वर्षी ते 'कोणीतरी' मी होतो, आणि मला दोन दिवस उशीर झाला. तोवर परगावची पहिली खेप निघून गेली होती. ती सगळी माणसं पुन्हा 'पाठवायचे आहेत'च्या यादीत आली. नेमकी कोणती माणसं, हे शोधायला डेटाबेसमध्ये काही उरलंच नव्हतं. ट्रूचं फॉल्स झालेला रेकॉर्ड आणि मुळात फॉल्स असलेला रेकॉर्ड वेगळे ओळखणार कसे?

संपादक मला काही बोलले नाहीत. पुढच्या बैठकीला त्यांनी फक्त जुनी जावक नोंदवही आणून टेबलावर ठेवली. लाल कापडी पाठीची, रकाने आखलेली. त्यात टिक कुठेच नव्हती. प्रत्येक नावासमोर तारीख होती.

तर हे त्या वहीवरून सुचलेलं निवारण. (क्वेऱ्या देवनागरीत लिहिल्या आहेत, कॉपी-पेस्ट करून चालणार नाहीत. हाताने टाइप करा, चुका तिथेच सापडतात.)

मूळ उपाय एका ओळीचा

इज_डिस्पॅच्ड हा बूलियन, म्हणजे फक्त ट्रू किंवा फॉल्स मावणारा, कॉलम काढायचा. त्याजागी डिस्पॅच्ड_अ‍ॅट असा टाइमस्टॅम्पचा, म्हणजे तारीख-वेळ साठवणारा, कॉलम आणायचा आणि त्याला नल (रिकामा) चालू द्यायचा. नल म्हणजे अजून झालेलं नाही. वेळ भरलेली असेल तर झालं आहे, आणि तेव्हा झालं आहे. 'झालं का?' हा जुना प्रश्न विचारता येतोच: डिस्पॅच्ड_अ‍ॅट इज नॉट नल.

ही काही माझी शक्कल नाही. लारावेल या वेब फ्रेमवर्कच्या यूजर्स टेबलात ईमेल_व्हेरिफाइड_अ‍ॅट असतो, सॉफ्ट डिलीटसाठी (रेकॉर्ड न पुसता 'काढला' अशी खूण) डिलीटेड_अ‍ॅट असतो. रेल्स या दुसऱ्या फ्रेमवर्कमध्ये लॉगिनसाठी डिव्हाइज वापरणाऱ्यांनी कन्फर्म्ड_अ‍ॅट पाहिला असेल. आपण रोज हे वापरतो, आणि स्वतःचं टेबल करताना मात्र हात आपोआप 'इज_'कडे जातो.

जागा जास्त लागेल अशी शंका येते. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये बूलियन १ बाइटचा, टाइमस्टॅम्प ८ बाइटचा. लाख रेकॉर्ड धरले तरी फरक ७ लाख बाइटचा, म्हणजे १ एमबीसुद्धा नाही. सोडून द्या.

पण कुठली वेळ?

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि तो सत्कारणी लागला. टिक लावायला अक्कल लागत नाही. वेळ लिहायची म्हटल्यावर 'कशाची वेळ' हे ठरवावं लागतं. मी ताईंना विचारलं, हिरवी टिक कधी येते? म्हणाल्या, "लेबल छापलं की." पॅकिंगच्या काकांना विचारलं. ते म्हणाले, "पोतं पोस्टात टेकवलं की." दोघं एकाच चौकोनाकडे बघून दोन वेगळ्या गोष्टी वाचत होती, आणि फ्लॅग दोघांनाही खरं ठरवत होता. मधल्या काळात पत्ते चिकटवलेले अंक जिन्याखाली पोत्यांत पडून असायचे, कधी दोन दिवस, कधी चार. 'अंक आला नाही'चे निम्मे फोन त्या जिन्याखालून येत होते.

म्हणून कॉलम एक नाही, दोन झाले: लेबल_प्रिंटेड_अ‍ॅट आणि पोस्टेड_अ‍ॅट. पुढे परत आलेल्या पाकिटांसाठी रिटर्न्ड_अ‍ॅट आला. हेच तीन फ्लॅग असते तर त्यांच्या ८ शक्यता होतात आणि त्यांतल्या कित्येक निव्वळ अशक्य: न पाठवलेला अंक परत आला, वगैरे. वेळांना क्रम असतो, त्यामुळे डेटाबेसलाच राखण करायला बसवता येतं. पोस्टेड_अ‍ॅट हा लेबल_प्रिंटेड_अ‍ॅटच्या आधीचा नसावा, अशी चेक कन्स्ट्रेंट (डेटाबेसनेच तपासायची अट) घाला. डेटाबेस म्हणून मायएसक्यूएल वापरत असाल आणि ते ८.०.१६च्या आधीचं असेल तर ते चेक कन्स्ट्रेंट मुकाट्याने स्वीकारतं आणि तितक्याच मुकाट्याने दुर्लक्षित करतं, तेव्हा आवृत्ती बघून घ्या.

एक फुकटचा फायदा. काउंट(कॉलम) नल मोजत नाही. त्यामुळे काउंट(*), काउंट(लेबल_प्रिंटेड_अ‍ॅट), काउंट(पोस्टेड_अ‍ॅट) एकाच क्वेरीत टाकलं की एकूण किती, लेबलं किती, पोस्टात किती, हे एका ओळीत मिळतं. संपादकांना सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर जातं ते एवढंच.

दोन-दोन लेबलांचं काय झालं

जुना कोड असा होता: फॉल्स असलेले रेकॉर्ड निवडा, पीडीएफ बनवा, मग त्या सगळ्यांना ट्रू करा. ताईंनी बटण दाबलं, पीडीएफ यायला वेळ लागला, म्हणून शेजारच्या कॉम्प्युटरवरून काकांनीही दाबलं. दोघांच्या हातात तीच यादी.

यावरचा इलाज म्हणजे आधी खूण, मग छपाई, आणि खूण करतानाच अट: अपडेट ऑर्डर्स सेट लेबल_प्रिंटेड_अ‍ॅट = नाऊ() व्हेअर लेबल_प्रिंटेड_अ‍ॅट इज नल रिटर्निंग आयडी. दुसरं बटण थोडं थांबतं, पहिल्याचं काम संपल्यावर अट पुन्हा तपासली जाते आणि त्याच्या वाट्याला काही येत नाही. प्रामाणिकपणे सांगायचं तर हा इलाज बूलियनवरही चालला असता. व्हेअरमध्ये फॉल्स लिहायचं, बास.

फरक पडतो तो गोष्ट बिघडल्यावर. खूण झाली आणि प्रिंटरने मान टाकली, तर? पोस्टग्रेसमध्ये नाऊ() हे ट्रान्झॅक्शन (एकत्र होणाऱ्या बदलांचा गट) सुरू झाल्याची वेळ देतं, त्यामुळे एका बॅचच्या सगळ्या रेकॉर्डवर मायक्रोसेकंदापर्यंत एकच वेळ पडते. मायएसक्यूएलमध्येही एका स्टेटमेंटपुरता नाऊ() बदलत नाही. म्हणजे '११:४२ची खेप' हे नुसतं बोलण्यापुरतं राहत नाही, ती एक गाठोडी असते. तेवढीच उचलून पुन्हा नल करता येते. फ्लॅगच्या जमान्यात त्या दिवशीची सगळी लेबलं जमिनीवर पसरून हाताने ताळा घ्यावा लागायचा. (बॅच ही तुमच्याकडे रोजची गोष्ट असेल तर सरळ बॅच_आयडी ठेवा. वेळ समान म्हणून बॅच समान, यावर मोठा डोलारा उभारू नका.)

चालू गाडीचं चाक बदलताना

नवा नल चालणारा कॉलम घालणं स्वस्त आहे, टेबल फार वेळ अडकत नाही. त्यानंतर काही दिवस कोड दोन्हीकडे लिहितो, फ्लॅगमध्ये आणि वेळेतही. मग जुने रेकॉर्ड भरायचे, मग वाचन नव्या कॉलमवर न्यायचं, आणि सगळ्यात शेवटी जुना कॉलम पाडायचा. घाई नको.

माझ्याकडे मधल्या टप्प्यावर घोळ झाला. मॉडेलमधून (डेटाबेसशी बोलणारा कोडचा थर) जाणारा सगळा कोड मी बदलला होता. पण रात्री चालणारी एक क्रॉनची स्क्रिप्ट थेट एसक्यूएलने फ्लॅग हलवत होती, आणि ती मीच लिहिली होती हे मला आठवत नव्हतं. सापडली ती एका साध्या क्वेरीने: फ्लॅग ट्रू आहे पण वेळ नल आहे, किंवा फ्लॅग फॉल्स आहे पण वेळ भरलेली आहे, असे रेकॉर्ड किती? ही क्वेरी रोज चालवा. आठवडाभर शून्य आलं की पुढे सरका.

जुना फ्लॅग वाचणारा एखादा एक्सेल रिपोर्ट कोणाच्या तरी लॅपटॉपवर असतोच. त्याच्यासाठी त्याच नावाचा जनरेटेड कॉलम ठेवता येतो, ज्याची किंमत 'पोस्टेड_अ‍ॅट इज नॉट नल' यावरून आपोआप निघते. पोस्टग्रेस १२पासून आणि मायएसक्यूएल ५.७पासून ही सोय आहे. त्यात कोणाला लिहिता येत नाही, हे उत्तमच.

जुन्या ट्रूंना कुठली वेळ द्यायची

मोह होतो अपडेटेड_अ‍ॅट उचलून चिकटवण्याचा. करू नका. तो कॉलम रेकॉर्डमध्ये काहीही बदललं तरी हलतो. एका काकूंनी जानेवारीत नवा फ्लॅट घेतला, आम्ही पत्ता बदलला, आणि त्यांचा दिवाळी अंक संक्रांतीला गेल्याचं दिसायला लागलं.

दुसरा मोह १ जानेवारी १९७०चा, 'तारीख माहीत नाही' अशी खूण म्हणून. मायएसक्यूएलचा टाइमस्टॅम्प १९७०-०१-०१ ००:००:०१ यूटीसीपासून (जागतिक प्रमाण वेळ) सुरू होतो. भारतीय वेळेनुसारची त्या दिवशीची मध्यरात्र यूटीसीमध्ये ३१ डिसेंबर १९६९, संध्याकाळचे साडेसहा. म्हणजे ती खूण मुळात मावतच नाही. पोस्टग्रेसमध्ये उणे-इन्फिनिटी नावाची खास किंमत आहे, पण काही ड्रायव्हर (कोड आणि डेटाबेस यांना जोडणारे दुवे) तिथे अडखळतात आणि स्क्रीनवर कधीतरी ती माणसाला दिसतेच.

मी काय केलं? पोस्टाच्या पावत्यांवरून जेवढं जुळलं तेवढं खरं भरलं. उरलेल्यांना त्या वर्षीच्या शेवटच्या खेपेची तारीख दिली आणि शेजारी एक कॉलम जोडला: वेळ_अंदाजे. बूलियन. हसू नका. वेळ अंदाजे आहे की नाही, याला 'कधी' हा प्रश्न लागत नाही, म्हणून तिथे फ्लॅगच योग्य आहे. स्क्रीनवर अशा तारखेआधी 'सुमारे' असा शब्द येतो.

चेकबॉक्सचा खोडसाळपणा

कॉलम बदलल्यावर पंधरा दिवसांत नवी तक्रार. ताई म्हणाल्या, "सगळे अंक आजच गेल्याचं दाखवतंय." कारण फॉर्म जुनाच होता. त्यात 'पाठवला' असा चेकबॉक्स. सेव्ह केलं की चेकबॉक्स 'हो' पाठवायचा आणि माझा कोड इमानेइतबारे आत्ताची वेळ लिहायचा. फोन नंबरातला एक आकडा दुरुस्त केला तरी अंक आज गेला!

इलाज मॉडेलमध्ये. 'हो' आलं आणि वेळ आधीच असेल तर तिला हात लावायचा नाही. वेळ नसेल तरच आत्ताची लिहायची. 'नाही' आलं तर नल. नंतर मी चेकबॉक्सच काढून टाकला. त्याजागी तारीख दिसते आणि बाजूला 'नोंद रद्द करा' असं बटण आहे. पेमेंटच्या बाबतीतही हेच बघा. पैसे मिळाल्याचा निरोप पेमेंट गेटवेकडून कधीकधी दोनदा येतो. दुसऱ्या निरोपाने पेड_अ‍ॅट पुढे सरकता कामा नये, म्हणून तिथेही 'इज नल'ची अट.

साडेपाच तास

रोजच्या हिशोबात वर्गणीदार इकडचे तिकडे होत असतील तर बहुतेक वेळा कारण हेच. वेळ यूटीसीत साठवली आणि तारखेनुसार गट करताना तशीच वापरली, तर आपल्याकडची मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळेतली प्रत्येक ऑर्डर आदल्या दिवसात पडते. रात्री बारानंतर वर्गणी कोण भरतं, असं मला वाटायचं. जाहिरातीच्या दिवशी बरेच जण भरतात.

पोस्टग्रेसमध्ये टाइमझोनसह असलेला टाइमस्टॅम्प वापरा आणि गट करण्याआधी 'एशिया/कोलकाता'मध्ये आणा. मायएसक्यूएलमध्ये टाइमस्टॅम्प सेशनच्या टाइमझोनप्रमाणे बदलून दिसतो, डेटटाइम जसा लिहिला तसाच राहतो. एकाच अ‍ॅप्लिकेशनमध्ये दोन्ही मिसळले की डोकं फिरतं.

तिथलीच आणखी एक खोच. मायएसक्यूएलच्या टाइमस्टॅम्पची धाव १९ जानेवारी २०३८, यूटीसी ०३:१४:०७पर्यंतच आहे. 'पाठवल्याची वेळ' लिहिताना हे आज आडवं येत नाही. पण आमच्याकडे आजीव वर्गणीदार आहेत. कोणीतरी त्यांची मुदत २०९९ टाकायला गेलं आणि सेव्ह होईना. मुदतीसाठी डेटटाइम घ्या, नाहीतर आजीव असेल तर नल ठेवा.

पुढची वेळ असेल तर

साइटवर आम्ही अंकातले निवडक लेखही टाकतो. पब्लिश्ड_अ‍ॅट भरला की लेख दिसतो. एकदा लक्ष्मीपूजनाच्या सकाळची वेळ आधीच भरून ठेवली, आणि लेख चार दिवस आधीच झळकला. कोड 'इज नॉट नल' एवढंच बघत होता. भविष्यातली वेळ चालणार असेल तर तुलना 'आत्तापेक्षा मागची का' अशीच हवी, आणि ती एकाच ठिकाणी लिहिलेली हवी. होमपेज, शोध आणि आरएसएस यांत तीन वेगळ्या अटी असल्या की लेख एकीकडे दिसतो आणि दुसरीकडे नाही. उलट पोस्टेड_अ‍ॅटमध्ये भविष्य चालतच नाही. प्रत्येक कॉलमसाठी हे एकदा ठरवून टाका.

क्रम लावतानाही जरा जपून. चढत्या क्रमात पोस्टग्रेस नलला शेवटी ठेवतं, मायएसक्यूएल सुरुवातीला. आणि डिलीटेड_अ‍ॅट वापरत असाल तर ईमेल आणि डिलीटेड_अ‍ॅट या जोडीवर युनिक इंडेक्स (तीच जोडी दोनदा येऊ न देणारा) घालून निर्धास्त राहू नका. युनिक इंडेक्सच्या लेखी दोन नल एकमेकांसारखे नसतात, म्हणून तोच ईमेल हयात रेकॉर्डमध्ये दहा वेळा शिरतो. पोस्टग्रेसमध्ये फक्त 'डिलीटेड_अ‍ॅट इज नल' असलेल्या रेकॉर्डपुरता पार्शल युनिक इंडेक्स घाला.

सगळेच फ्लॅग मोडीत काढू नका

'ग्रंथालय आहे का?' हा आमचा एक बूलियन आहे, तो तसाच राहिला. वर्गणीदार एक तर ग्रंथालय असतो नाही तर घरचा वाचक, तो अमुक वाजता ग्रंथालय झाला असं काही नसतं. पण 'ईमेलवर जाहिरात पाठवली तर चालेल' हा दिसायला तसाच, आणि प्रत्यक्षात वेगळा. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमतीवरून वाद झाला तर ती घेतली होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी डेटा वापरणाऱ्याची आहे. तिथे नुसता ट्रू घेऊन उभं राहायचं का? संमती_दिली_अ‍ॅट ठेवा, आणि मागे घेतल्याची वेळ वेगळी.

एका कॉलमात एकच वेळ मावते, ही या सगळ्याची मर्यादा. परत आलेला अंक पुन्हा पाठवला की पहिली तारीख पुसली जाते. कोणी पाठवला, किती वेळा, कशाने, असे प्रश्न आले की कॉलम वाढवत बसू नका. आम्ही 'पाठवणी' नावाचं वेगळंच टेबल केलं, प्रत्येक पाकिटाला एक रेकॉर्ड. दरवर्षीचं रिसेटही त्यातच मिटलं. नव्या वर्षाचा अंक म्हणजे नवा रेकॉर्ड, जुन्याला हात नाही.

एक गोष्ट मात्र यंदा कळली. पोस्टेड_अ‍ॅट आणि वहीतली तारीख पुष्कळदा एका दिवसाने चुकत होती. मला वाटलं पुन्हा साडेपाच तास. तसं नव्हतं. काका संध्याकाळी पोतं पोस्टात देतात आणि बटण दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेता घेता दाबतात. माझ्या कॉलममध्ये बटण दाबल्याची वेळ होती, पोतं टेकवल्याची नाही. आता ती वेळ आपली आपण पडू देतो, नोंद केल्याची म्हणून. शेजारी पोस्टात_दिल्याची_तारीख असा साधा डेट कॉलम आहे, तास-मिनिटं नाहीत, टाइमझोन नाही. तो काका स्वतः भरतात, पावतीवरचा शिक्का बघून.